पुलाअलीकडची गिरणी

पान्या,

माझी धाकटी बहीण तुला पाठीमागे ह्याच नावाने ओळखते, कारण तुझ्या शर्टाच्या खिशातून कायम एक पाना डोकावत असतो. मी तोंडावर कधी म्हटलं नाही. आज म्हणते.

परवा पुन्हा तुझा निरोप आला. ‘बाई, पुसलं का?’ बस, तीन शब्द. महिन्यातून एकदा तू हे विचारतोस आणि महिन्यातून एकदा मी विषय बदलते. ह्या वेळी नीट उत्तर लिहायला बसले आहे, आणि अगदी निर्धास्तपणे लिहिते आहे. तू चार ओळींच्या वर काही वाचत नाहीस, हे मला चांगलं ठाऊक आहे. तुझ्या सगळ्या भानगडीचं मूळही तेच. स्वतः वाचायचं नाही आणि दुसऱ्याला काही सांगायचं नाही.

तू पहिल्यांदा घरात आलास तेव्हा लिफ्ट चालू होती, आणि म्हणूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. सहा वर्षं आमच्या इमारतीची लिफ्ट तूच सांभाळत होतास. तिसऱ्या मजल्यावर ती वीतभर खाली थांबायची, मग तू यायचास, गुडघ्यावर बसून तिच्या फटीला कान लावायचास आणि तासाभरात तिला वर आणायचास. एवढीच आपली ओळख. आता लिफ्ट चालू, हत्यारांची पेटी नाही, आणि लिफ्टवाला काखेत लॅपटॉप धरून दारात उभा.

“बाई, तुम्ही पुस्तकं तपासायच्यात ना?”

“गणिताची. आणि तपासायचे नाही, तयार करायचे. एकतीस वर्षं.”

“म्हणजे शुद्धलेखन येत असेल.”

“तुला काय हवंय ते बोल.”

“थोडा मजकूर आहे. चुका बघून द्याल का? आणि मग, म्हणजे जमलं तर, जरा खेळून बघाल का?”

सत्तरी ओलांडलेल्या बाईला कोणी उगाच खेळायला बोलावत नाही. काही तरी विकायचं असतं, नाही तर कशावर तरी सही हवी असते. मी तुला आत घेतलं ते केवळ तू काय विकतोस हे बघायला. तू गेल्यावर धाकटी म्हणाली, “ताई, त्याचा डोळा घरावर आहे. खिडक्या बघत होता सगळ्या.” मी म्हटलं, खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडत होता म्हणून बघत होता. पण त्या दिवशी कपाटाची किल्ली मी जागा बदलून ठेवली, हेही सांगते.

खरं काय ते दोन-तीन भेटींत तुकड्या-तुकड्याने बाहेर आलं. चार वर्षं सुट्टीच्या दिवशी बसून तू एकट्याने एक खेळ बनवत होतास. जुन्या धाटणीचा, तुझ्या लहानपणी असायचे तसा. चौकोना-चौकोनांची चित्रं, नखाएवढी माणसं. एक पोरगा गावातून निघतो, शेतातल्या बेडकांना मारत अंगात बळ आणतो, पूल ओलांडतो, आणि पुढे म्हणे फार मोठी गोष्ट आहे. पुढचं कोणी पाहिलंच नव्हतं. तू तो एका कंपनीला पाठवलास. त्यांनी दोन ओळींत कळवलं की लोक पुलापर्यंत येतात आणि बंद करून टाकतात, तेवढं सुधारा, मग बोलू. तेवढं सुधारायला तू नोकरीतून वर्षभराची बिनपगारी रजा घेतलीस.

तुझी बायको नर्स. ते वर्ष तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं होतं, म्हणून तिने कागदावर अट लिहून घेतली. वर्षाच्या आत दहा माणसं, तू एक अक्षरही न सांगता, पूल ओलांडून गेली पाहिजेत. गेली तर खेळाला अजून एक वर्ष. नाही गेली तर पुन्हा लिफ्ट, आणि खेळाचा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. खाली दोघांच्या सह्या.

“आत्तापर्यंत किती गेले?” मी विचारलं.

“एक.”

“आणि रजेचे किती महिने झाले?”

“पाच.”

तो एक म्हणजे आमचा वॉचमन. खुर्चीत बसून त्याने अकरा दिवस नुसते बेडूक मारले होते. त्याला विचारलं तर म्हणाला, “मला वाटलं बेडकांचाच खेळ आहे.”

मी खेळायला बसले. गाव, विहीर, सात घरं. एका घराबाहेर म्हातारा उभा. त्याच्याशी बोलायला गेलं की म्हणतो, ‘आज वारा आहे.’ पुन्हा गेलं तरी तेच.

“ह्याचं काम काय?”

“वातावरण, बाई.”

“मला जायचंय कुठे, हे कोण सांगणार?”

तू खाली बघितलंस. सांगायचं नाही, ही अट. मी फिरले, भिंतींना धडका दिल्या, शेतात गेले. बेडूक एका फटक्यात मरत होता. मला बरं वाटलं. मग वर पूल दिसला. पुलावर अंधार, अंधारात एक काळा पहारेकरी. माझे तीन वार हवेत गेले, त्याचे दोन मला लागले. संपलं. स्क्रीनवर ‘मरण: १’ असं आलं. बेरीज शिकवून झाल्यावर पोराच्या हातात एकदम चक्रवाढ व्याज दिल्यासारखं.

मी मान वर केली तर तू वहीत काही तरी लिहीत होतास. प्रत्येक वेळी लिहायचास. धाकटीला चैन पडेना. तू हात धुवायला गेलास तेव्हा तिने वही उघडलीच.

“ताई, तुझ्याबद्दल आहे.”

“काय आहे?”

“‘बाई. सात मिनिटं. पूल. मेल्या. भुवया वर.’” ती म्हणाली, “मेल्या लिहिलंय बघ. माणूस तसा आदराने लिहितो.”

दोन आठवडे मी मरत राहिले. आणि माझा संशय पक्का होत गेला की तू रोज घरी जाऊन खेळ थोडा अवघड करून आणतोस. मी एक पाऊल पुढे गेले की दुसऱ्या दिवशी पहारेकऱ्याचा हात जड झालेला असायचा. तू शपथ घेतलीस. मी शपथांवर विश्वास ठेवत नाही. तुझ्याकडून खेळाची एक प्रत मागून घेतली, ती धाकटीच्या जुन्या लॅपटॉपवर टाकली आणि तो लॅपटॉप कुलपात ठेवला. मग आठवडाभर दोन्हींवर खेळले आणि प्रत्येक फटक्याला किती बळ गेलं ते मांडत गेले. आकडे तंतोतंत सारखे. तू फसवत नव्हतास. आता तू फसवत नाहीस, पहारेकरी फसवत नाही, मग कुठे तरी पाणी मुरतंय ते कुठे?

“तू एखादी पाटी का लावत नाहीस?” एकदा मी चिडून म्हटलं. “‘आधी इकडे जा, मग तिकडे जा.’ आम्ही एकतीस वर्षं तेच केलं. आधी एक उदाहरण सोडवून दाखवायचं, मग तसंच दुसरं द्यायचं, मग जरासं वेगळं.”

तेव्हा तू मामाची गोष्ट सांगितलीस. इतकं सलग मी तुला पहिल्यांदाच बोलताना ऐकलं. तू नऊ वर्षांचा असताना मामाने कुठून तरी जुनं खेळाचं यंत्र आणलं, त्यात एकच खेळ. भाषा परकी, एक अक्षर कळत नव्हतं. गावातली माणसं काही तरी सांगायची, तू नुसता बघत बसायचास. कोणता दरवाजा उघडतो, कोण मारतो, कोण देतो, सगळं धडकून-धडकून शोधायचं. दोन उन्हाळे. चौकटींच्या कागदावर नकाशे काढून तू पलंगाच्या वर चिकटवायचास आणि तुझी आई शेजाऱ्यांना सांगायची की पोरगा घरांचे आराखडे काढतो, इंजिनिअर होणार. पुढे वडील अंथरुणाला खिळले, इंजिनिअर राहिलं, लिफ्टचा कोर्स झाला.

“आवडतं मला लिफ्टचं काम,” तू म्हणालास. “लिफ्ट पण काही सांगत नाही. आवाज ऐकायचा आणि शोधायचं.”

“आणि तुझ्या खेळातल्या लोकांनी पण शोधायचं.”

“वॉचमनने शोधलं ना.”

“वॉचमनने शोधलं नाही. त्याला दुसरं काम नव्हतं.”

तुला राग आला. पाना खिशात ढकललास आणि चहा अर्धा टाकून गेलास.

त्याच आठवड्यात तुझी बायको आली. दवाखान्याचा गणवेश, खांद्याला पर्स, ड्यूटी संपवून सरळ. बसली पण खुर्चीच्या टोकावर.

“मावशी, खरं सांगा. तो इथे येऊन काय करतो?”

“मी मरते, तो बघतो.”

ती हसली नाही. “घरी पण हेच सांगतो. मला वाटलं थाप असेल.”

“एवढा संशय आहे तर स्वतः खेळून का बघत नाहीस?”

“मला कुठे वेळ? आणि तो काय बोलतो ते चार वर्षांत मी एकदा धड ऐकलेलं नाही. मान हलवते. आत माझं भाजीचं चाललेलं असतं.” मग पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत तिने विचारलं, “वॉचमनने ते बेडूक किती मारले, तुम्हाला सांगितलं का?”

“नऊशेच्या वर.”

“नऊशे,” ती म्हणाली आणि पर्स खांद्याला लावून उठली. जाताना लिफ्टने गेली नाही, जिन्याने गेली.

मान हलवून भाजीचा विचार करणाऱ्या बाईला बेडूक कसे माहीत, हे माझ्या तेव्हाच डोक्यात आलं. मी ते बाजूला ठेवलं. चूक माझी.

तुझी रजा संपायला तीन महिने उरले तेव्हाही आकडा एकावरच होता. इस्त्रीवाला पुलावर मेला. धाकटीच्या ओळखीची शिंपीण मेली. दाताच्या डॉक्टरच्या बाकावर ताटकळणारे चौघे मेले, आणि त्यातला एक म्हणाला की ह्यापेक्षा दात काढणं बरं. तू वाळत चालला होतास. तुला वाटत होतं लोकांना धीर नाही. मला वाटत होतं तू काही तरी लपवतोस. म्हणून एका दुपारी मी लॅपटॉप तुझ्यापुढे सरकवला.

“आता तू खेळ.”

“मी हजार वेळा खेळलोय, बाई.”

“माझ्यासमोर खेळ.”

तू सवयीने तुझा स्वतःचा सेव्ह केलेला खेळ उघडलास. चारशे बारा तास, असं वर लिहिलेलं. पूल गाठलास, कमरेचा कंदील वर केलास, पहारेकरी उजेडात स्वच्छ दिसला आणि चार वारांत पडला.

“बघा. होतं की.”

“हा कंदील माझ्याकडे का नाही?”

“तुम्ही घेतला नसेल. गिरणीत असतो.”

“गिरणी कुठाय?”

“गावातच, बाई. विहिरीच्या डावीकडे.”

एक शब्दही न सांगण्याची तुझी अट तिथेच मोडली, पण तुझ्या लक्षातही आलं नाही. मी म्हटलं, हे बंद कर, नव्याने सुरू कर, पहिल्यापासून. तू कंटाळल्यासारखा सुरू केलंस. पोरगा घरातून निघाला, विहीर आली, तू डावीकडे वळलास, ठामपणे, स्वतःच्या घरच्या न्हाणीघरात अंधारात जावं तसा, आणि झाडावर आपटलास. पुन्हा वळलास. पुन्हा झाड. वरून गेलास, खालून गेलास. त्या झाडांच्या रांगेला तू किती धडका दिल्यास ते मी मोजलं नाही.

“गिरणी इथेच होती,” तू म्हणालास.

धाकटी दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला, पण हसायला नव्हे.

दोन वर्षांपूर्वी नकाशा नव्याने काढताना तू गिरणी उचलून पुलापलीकडे ठेवली होतीस, तिथे नदी जास्त छान दिसते म्हणून. कंदील गिरणीबरोबर पलीकडे गेला. पण तुझ्या पोराच्या कमरेला कंदील आधीपासून होता. तू दर वेळी तोच सेव्ह उघडायचास, त्याच्याच कंदिलाने तपासायचास, आणि सगळं ठीक दिसायचं. जगातल्या बाकी सगळ्या माणसांसाठी पुलाअलीकडे उजेडच नव्हता. तू दोन वर्षं लोकांच्या भुवया मोजत बसलास आणि एकदाही पहिल्या पानापासून सुरुवात केली नाहीस.

तुला मी तेव्हा बोलू शकले असते. बोलले नाही. त्याऐवजी चौथीच्या पुस्तकाची गोष्ट सांगितली, जी धाकटीलासुद्धा माहीत नव्हती. सुधारित आवृत्तीत मी बाकी उरणाऱ्या भागाकाराचा धडा दोन धडे पुढे ढकलला, आणि उदाहरणसंग्रह सतरा होता तिथेच राहिला. त्यातली पाचव्यापासूनची सगळी उदाहरणं पोरांना न शिकवलेल्या रीतीची. मी ती तपासली होती, मला सुटत होती, कारण मला भागाकार येत होता. शिक्षकांची पत्रं आली. मी उत्तरं पाठवली की सराव वाढवा. पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त केलं आणि मूग गिळून गप्प बसले. सांगून झालं आणि तुझा उरलेला चहा मीच पिऊन टाकला.

गिरणी तू तीन दिवसांत परत आणलीस. विहिरीवर एक म्हातारी उभी केलीस. तिचं वाक्य मी लिहिलं: ‘पुलावर दिवसासुद्धा दिसत नाही. गिरणीवाल्याकडून कंदील घेऊन जा.’ तू म्हणालास, फार सांगतेय ती. मी म्हटलं, वारा आहे म्हणणाऱ्या तुझ्या म्हाताऱ्यापेक्षा बरी. मग तू पहारेकऱ्यालाही जरा नरम केलंस, पुलाआधी मधल्या ताकदीचे दोन कोल्हे घातलेस, आणि तेवढ्यानेच खेळ एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर चढू लागला.

आमच्या जेवणाच्या टेबलावर परीक्षा सुरू झाल्या. जुन्यांना परत घ्यायचं नाही, नवी माणसं, हा माझा नियम. मी आणि धाकटी बाद, आम्हाला सगळं माहीत होतं. तुला मी स्वयंपाकघरात बसवलं, कारण कोणी चुकीच्या बाजूला वळलं की तू उसासा टाकायचास आणि तुझा उसासा म्हणजे अर्धं उत्तर. लोक मरत होते, पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा खेळत होते, आणि ओलांडत होते. वॉचमन धरून तीन, पाच, आठ.

शेवटचा दिवस उजाडला तेव्हा नऊ होते. दहावा एक कुरिअरवाला. चांगला चालला होता, कंदील घेतला, कोल्हे मारले, पुलावर पाय ठेवला आणि त्याचा फोन वाजला. “सॉरी मावशी, साहेब ओरडतोय,” म्हणून उठून गेला. तू स्वयंपाकघरातून बाहेर आलास आणि स्क्रीनकडे बघत राहिलास. पुलावर तो पोरगा कंदील धरून एकटा उभा होता.

साडेपाचला तुझी बायको आली. तो कागद तिच्या पर्समध्ये होता. मी बघितला, चौघडी घालून ठेवलेला.

“किती?”

“नऊ,” तू म्हणालास.

तिने पर्स टेबलावर ठेवली. “सरक. मी खेळते.”

“तू कशी खेळणार? तू अनोळखी नाहीस. तुला मी चार वर्षं सगळं सांगतोय.”

“तू सांगितलंस. मी ऐकलं कुठे?”

धाकटी खो-खो हसली. तू माझ्याकडे बघितलंस. नियम माझा होता. मी म्हटलं, अटीत एक अक्षरही न सांगता असं आहे, आणि हिच्या कानात एकही गेलेलं नाही असं ती म्हणते. बस म्हणावं. तुला स्वयंपाकघरात पाठवलं.

आता हे तू पाहिलेलं नाहीस, म्हणून सांगते. वॉचमन सोडला तर बाकीची आठच्या आठ माणसं विहिरीवरच्या म्हातारीशी बोलली होती. तुझी बायको तिला ओलांडून सरळ डावीकडे गिरणीत गेली. वारा आहे म्हणणाऱ्या म्हाताऱ्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. पुलाआधी कोल्ह्याने तिला मारलं, एकदा, आणि ते मरण मुद्दाम होतं असं मी आजही म्हणेन, कारण तिची बोटं तेव्हा नुसती टेकलेली होती. दुसऱ्यांदा तिने वीस मिनिटांच्या आत पूल ओलांडला. मग हात मांडीवर घेऊन बसली. “झालं,” म्हणाली. “बोलवा त्याला.”

तू बाहेर आलास, स्क्रीन बघितलीस आणि जमिनीवर बसलास. पाना खिशातून काढलास, बघितलास, परत ठेवलास. ती म्हणाली, “ऊठ, गुडघे दुखतील.” कागद तिने फाडला नाही. पुन्हा चौघडी घालून पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी तू पेन ड्राइव्ह घेऊन आलास.

“बाई, घरच्या मशीनवरचे सगळे जुने सेव्ह ह्यात हलवलेत. एकही मागे ठेवला नाही. न बघताच उचलले, बघितलं असतं तर हात अडला असता. आता मी रोज पहिल्यापासून खेळणार. हे तुम्ही पुसून टाका. माझ्या हाताने होणार नाही.”

“पुसते.”

“आज?”

“आज नाही, माझी मान दुखतेय. उद्या.”

चारशे बारा तासांचा तुझा पोरगा मी पुसणार होते, देवाशपथ. पण पुसायच्या आधी यादी वाचायची ही माझी एकतीस वर्षांची सवय. मी पेन ड्राइव्ह कुलपातल्या लॅपटॉपला लावला. तुझा सेव्ह वरच होता. त्याच्या खाली आणखी दोन. नायकाचं नाव ‘सिस्टर’. चिडवताना तू तिला सिस्टर म्हणतोस, हे मी ऐकलेलं होतं.

पहिल्यावर लिहिलेलं: मरण २१७. पूल ओलांडलेला नाही. सुरू केल्याची तारीख तुझी रजा सुरू होण्याच्या आधीची. शेवटचं कधी खेळलं त्याची तारीख त्या कागदावरच्या सह्यांच्या आदल्या दिवसाची. दुसरा सेव्ह गिरणी परत आल्यानंतरचा. मरण तीन. पूल पार. ती आमच्या टेबलाशी बसली त्याच्या चार दिवस आधी.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणजे दहा माणसांची अट लिहिली तेव्हा तिला माहीत होतं की पूल ओलांडता येत नाही. दोनशे सतरा वेळा तिने ते करून बघितलं होतं. तू घरात नसताना, एकटीने, बेडूक मारत. आणि मग शांतपणे कागद पुढे केला. त्यात तिने तुझ्यासाठी खड्डा खणला, की तुला एकदाचं थांबवायला दुसरा उपाय नव्हता तिच्याकडे, मला ठरवता येत नाही. आणि गिरणी परत आल्यावर तिने पुन्हा सुरू करून का बघितलं? आणि शेवटच्या दिवशी, नवाचे दहा होऊ न देणं तिच्या हातात असताना, ती टेबलाशी का बसली? हे तिला विचारावं असं फार वाटलं. नियमाप्रमाणे ती पास आहे, हेही खरं. तिला कोणी एक अक्षर सांगितलेलं नाही.

तुम्ही दुसऱ्या शहरात जायच्या आधी ती निरोप घ्यायला आली होती, तू खाली सामान चढवत होतास तेव्हा. दारात चपला घालता घालता म्हणाली, “आणि मावशी, तो पेन ड्राइव्ह पुसून टाका हं. उगाच जागा अडते.”

अंगठ्याएवढी वस्तू. बटणांच्या डब्यात पडलेली. मी तिच्याकडे बघितलं. तिने चपलेचा बंद लावला, पुन्हा सोडला, पुन्हा लावला.

“पुसते,” मी म्हटलं.

खेळ तुझा आता लोकांपर्यंत गेला. विहिरीवरची म्हातारी सगळ्यांना आवडते असं तू कळवलंस, ते मला मुळीच आश्चर्याचं वाटलं नाही. लिफ्ट पुन्हा वीतभर खाली थांबते. नवा माणूस येतो, कान लावत नाही, नुसती बटणं दाबतो.

आज दुपारी तुझा निरोप समोर ठेवून मी डबा उघडला, पेन ड्राइव्ह काढला, लॅपटॉपला लावला. खेळ उघडून तिन्ही सेव्ह निवडले. स्क्रीनवर प्रश्न आला: ‘हे सगळं पुसायचं का? परत मिळणार नाही. हो / नाही.’ हे वाक्यही मीच सुधारून दिलेलं. तू आधी नुसतं ‘पुसू?’ असं लिहिलं होतंस. मी बोट ‘हो’वर ठेवलं. मग तिघांतला एकच पुसावा का, आणि कोणता, असा विचार करत बसले. तेवढ्यात धाकटीने आतून विचारलं, “ताई, चहा टाकू?” मी म्हटलं टाक, आणि उठले. परत आले तोवर स्क्रीन काळी झाली होती. पेन ड्राइव्ह काढून डब्यात टाकला.

उद्या बघते.